सहीच्या वरची कोरी जागा

परवा सकाळी मला निघायचं आहे. बॅग तीनदा भरली, दोनदा उपसली. अर्जुनीहून गाडीने गोंदिया, गोंदियाहून नागपूर. नागपूरला एक कार्यक्रम, दुसऱ्या दिवशी विमानाने पुणे, तिथे दुसरा. तिथून मोटारीने खाली कोकणात, माझ्या माहेरच्या गावी, जिथल्या शाळेने मला मुलांसमोर उभं राहून चार शब्द बोलायला बोलावलं आहे. विमानात मी कधी बसलेली नाही. पाण्याची बाटली काढून घेतात का, हे मी तिघांना विचारलं. तिघांनी तीन उत्तरं दिली. पण मला झोप येत नाही ती बाटलीमुळे नाही.

मी सातवी शिकलेली बाई. आठवीचा वर्ग खाडीच्या पलीकडे होता आणि माझ्या वाट्याला अलीकडचा काजूचा कारखाना आला. बिया फोडून फोडून बोटं अशी काळी झाली की लग्नात मेंदी काढणारी म्हणाली, हिच्या हातावर रंग दिसायचा नाही. नवरा रेल्वेत ट्रॅकमन. आमच्याच बाजूचा, पण नोकरी लागली ती राज्याच्या या टोकाला. त्याच्यामागे मी आले. अर्जुनी मोरगावच्या पुढे, रुळापासून मैलभर आत असलेल्या या गावात मला आता बावीस वर्षं झाली. अजूनही लोक मला कोकणवाली म्हणतात. रागाने नाही, पत्ता सांगावा तसं.

आल्याआल्या मला इथलं काहीच कळायचं नाही. भाषा मराठीच, पण कानात शिरायची नाही. कोणी विचारलं, "काऊन वो, अशी काऊन बसून राहिली?" तर मला वाटायचं, भांडायला आली. शेजारच्या मावशीने मला पहिल्यांदा घरातून बाहेर काढलं. ती आमच्या दोन घरं पलीकडे राहते, नवरा तेव्हाच गेलेला, पोट बोडीवर. बोडी म्हणजे आमचं गावतळं. मोठं नाही, पण उन्हाळ्यातही तळाशी पाणी धरून असायचं. गावातल्या दहा-बारा बायका तिच्यात शिंगाड्याचे वेल सोडायच्या, दिवाळीच्या सुमाराला छातीभर पाण्यात उतरून काढायच्या, उकडून अर्जुनीच्या बसस्टँडवर विकायच्या. मधल्या दिवसांत जाळं टाकून बारीक मासळी.

मावशीने मला काठावर बसवलं, उकडलेला शिंगाडा सोलून हातात दिला. तिची बोटं माझ्यासारखीच काळी होती. मी माझी बोटं तिच्यासमोर धरली. ती हसली आणि म्हणाली, "तुही बी? मंग आपली जात एकच." या गावात मी राहिले ती त्या वाक्यावर राहिले. माहेरच्या खाडीचं पाणी दिवसातून दोनदा ओहोटीला निघून जायचं, हे थांबून राहिलेलं होतं. मला ते बरं वाटायचं.

आता रेघेची गोष्ट सांगते, कारण माझ्या पुस्तकात ती आहे आणि तिच्यासाठीच मला सगळे बोलावतात.

आमच्याकडे ग्रामसभा होते ती अशी. ठरल्या दिवशी पंधरा-वीस पुरुष येतात, चार बायका दाराशी उभ्या राहतात, झेंडा असला तर झेंडा होतो, चहा होतो. माणसं भरत नाहीत. मग पुढचे दोन-तीन दिवस पंचायतीचा शिपाई रजिस्टर काखेत मारून घरोघर फिरतो. चुलीपुढे, गोठ्यात, धुण्याच्या दगडावर, जिथे बाई सापडेल तिथे पान उघडतो आणि सही मागतो. पान वर अर्धं कोरं असतं. सह्या खालच्या अर्ध्यात. कोऱ्या जागेत काय लिहायचं ते सह्या झाल्यावर ठरतं. कोणाला यात वावगं वाटायचं नाही. घरी आलेल्या माणसाला पाणी द्यावं तशी सही द्यायची.

मीही देत होते. पण मला एक खोड आहे, छापलेलं किंवा लिहिलेलं काहीही दिसलं की मी वाचते. पुड्याचा कागद, बियाण्याची पिशवी, नवऱ्याचे ड्यूटीचे फॉर्म. शाळा सुटलेल्या माणसाला ही खोड लागते. एकदा दाखल्यासाठी पंचायतीत बसले होते, समोर ते रजिस्टर उघडं पडलं होतं आणि त्यात माझी सही दिसली. सहीच्या वर सुबक अक्षरात लिहिलं होतं की शाळेमागची जागा गोदामाला द्यायला ग्रामसभेची हरकत नाही. मी असं काही बोलले नव्हते. कोणीच बोललं नव्हतं.

पुढच्या वेळी शिपाई आला तेव्हा मी पेन घेतलं, कोऱ्या जागेवर वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली आणि मग खाली सही केली. शाळेत बाई असंच करायला लावायच्या, वहीचं अर्धं पान उरलं की रेघ मारा, म्हणजे मागाहून कोणी काही घुसडणार नाही. तेवढीच माझी विद्या. शिपाई बिचारा घाबरला. म्हणाला, "वहिनी, पान खराब करून राहिल्या तुमी. वरून मले बोलनी बसते." मी त्याला पाणी दिलं, चहाही दिला. नवऱ्याची नोकरी सरकारी, आपण परगावचे, कोणी काही केलं तर जायचं कुठे, हे सगळं डोक्यात होतं. पण रेघ मारली होती.

मग मावशीने विचारलं, मारलीस कायले. मी सांगितलं. तिला अक्षरओळख नाही, सही मात्र येते, तिच्या मुलीने शिकवलेली. ती म्हणाली, मग माझ्या आधी तू करत जा. आणि तसाच पायंडा पडला. शिपाई आला की बायका विचारायच्या, कोकणवालीची झाली का. झाली असेल तर रेघ मारलेली असणार, वर काही घुसणार नाही, मग सही करायला हरकत नाही. नसेल झाली तर हात ओले आहेत, मग ये. तीन-चार वर्षं हे चाललं. गोदामाच्या जुन्या ठरावाची मुदत संपली, तो पुन्हा आणावा लागला, या वेळी उघड सभेत, आणि तो पडला. आमचा विजय म्हणायचा तर एवढाच. एक गोदाम झालं नाही.

हे मी लिहिलं. इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी मला पुस्तकं आणून द्यायचे, त्यांनी वाचलं, त्यांनी नागपूरला कोणाला दाखवलं, आणि सातवी पास बाईचं पुस्तक निघालं. मी कोणाकोणाची ऋणी आहे याची यादी केली तर ती पुस्तकाहून मोठी होईल. शुद्धलेखन तपासणाऱ्या ताईंनी माझं एकही वाक्य पुसलं नाही, फक्त वेलांट्या सरळ केल्या. मी त्या पानांवरून हात फिरवत बसायची. कोणी माझं इतकं ऐकून घेईल असं मला वाटलं नव्हतं.

मग बोलावणी आली. पुण्याच्या लोकांनी पुस्तकावरच्या नावाने विमानाचं तिकीट काढल्याचं कळवलं. पुस्तकावर माझं सासरचं नाव, आधारकार्डावर मात्र ते काढलं तेव्हापासून माहेरचंच राहिलं होतं. विमानात नावात फरक चालत नाही म्हणाले. अर्जुनीच्या आधार केंद्रात गेले तर त्यांनी सरपंचाच्या सहीशिक्क्याचा कागद मागितला. हे ऑगस्टमधलं. नुकतीच पंधरा ऑगस्टची ग्रामसभा होऊन गेली होती. त्या सभेत बोडीच्या सुशोभीकरणाचा विषय निघाला होता. भोवती फिरायला फरशीचा रस्ता, तारेचं कुंपण, दोन रंगीत होड्या, बसायला बाकं. मावशी दारातून म्हणाली होती, कुंपण घातलं तर आम्ही पाण्यात उतरायचं कुठून. बाकीच्या बायकांनीही गलका केला. माणसं पुरेशी नाहीत म्हणून विषय पुढे ढकलला. आम्हाला वाटलं, संपलं.

आठ दिवसांनी मी कागदासाठी पंचायतीत गेले. सकाळची वेळ, अर्जुनीची बस अर्ध्या तासात. केंद्रात त्या दिवसाचा नंबर लावून ठेवलेला. ग्रामसेवकाने माझा कागद तयार ठेवला होता. सरपंचाची सही झालेली, शिक्का मारलेला. कागदावर त्याचा तळवा होता. दुसऱ्या हाताने त्याने रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि अगदी सहज म्हणाला, "मॅडम, त्या दिवशीची हजेरी राहिली तुमची. तेवढी करून टाका."

पान वर अर्धं कोरं होतं.

मी ते पाहिलं. मला कळलं नाही असं मी कुठेही सांगणार नाही. पेन माझ्या हातात होतं, त्याचं टोक वरच्या कोपऱ्याकडे गेलंही. मग मनात आलं की रेघ मारली तर हा हसेल, कागद टेबलाच्या खणात जाईल आणि म्हणेल, उद्या या, सरपंच साहेबांना एकदा विचारतो. उद्या म्हणजे नंबर गेला. नंबर गेला म्हणजे नाव बदलणार नाही, तिकीट जाईल, ज्या शाळेतून मी रडत बाहेर पडले तिथे मी लेखिका म्हणून उभी राहणार नाही. मी स्वतःला म्हटलं, ही नुसती हजेरी आहे. आणि खाली, पानाच्या मध्यावर, बाकी सह्यांच्या वर, सही केली. कोऱ्या जागेत पेनाचा एक ठिपका तेवढा उमटला होता.

ग्रामसेवकाने तळवा उचलला. मी त्याला थँक यू म्हटलं. बस मिळाली, कागद चालला, नाव बदललं. त्या संध्याकाळी मी आनंदात होते, हे लिहायला मला लाज वाटते, पण होते. शिरा केला होता. मावशीकडे वाटीभर पाठवला.

दुसऱ्या दिवशी शिपाई रजिस्टर घेऊन गावात फिरला. बायकांनी विचारलं, कोकणवालीची झाली का. झाली, म्हणाला, ही पाहा. त्यांनी रेघ पाहिली नाही. रेघ पाहायची त्यांना गरजच उरली नव्हती, माझी सही हीच त्यांच्यासाठी रेघ होती. आणि मी त्या दिवशी घरातच होते. शिपाई समोरून गेला तेव्हा मी खिडकीशी तांदूळ निवडत होते. बाहेर येऊन सांगता आलं असतं. मी मान खाली घातली.

दिवाळीला दहा-बारा दिवस होते तेव्हा जेसीबी आला. वेलांवर शिंगाडे भरलेले होते. बायका आडव्या झाल्या तर ठेकेदाराचा माणूस हिंदीत म्हणाला, पंचायत का ठराव है, जाके पूछ लो. सगळ्या पंचायतीत गेल्या, मीही त्यांच्यात होते. पाय चालत होते तशी गेले. ग्रामसेवकाने शांतपणे रजिस्टर उघडलं आणि वाचून दाखवलं. गावतळ्याच्या सुशोभीकरणास व कुंपणास ग्रामसभा सर्वानुमते मंजुरी देत आहे. बायका म्हणाल्या, आम्ही कधी दिली. त्याने पान फिरवून त्यांच्यापुढे धरलं. सगळ्यांच्या सह्या होत्या. वर पहिली माझी.

मावशीला ठराव वाचता येत नाही. माझी सही मात्र ती ओळखते. तिने त्या पानाकडे पाहिलं, रेघ कुठे आहे ते शोधलं, मग माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुहीच सही पाहून केली ना वो आमी," ती म्हणाली. एवढंच. आणि बाहेर जाऊन चप्पल घालायला लागली.

त्यानंतर मी जे जे सुचलं ते केलं. गटविकास अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला की माझी सही कोऱ्या पानावर घेतली, ठराव मागाहून लिहिला. अर्जुनीला तीन खेपा घातल्या. प्रतीवर आवक शिक्का मिळवला, तो जपून ठेवला आहे. साहेब भले होते, बसा म्हणाले. मग विचारलं, तुम्ही स्वतः वाचता-लिहिता, लेखिका आहात असं कळलं, मग कोऱ्या पानावर सही केलीत कशी? माझ्याकडे याचं उत्तर होतं आणि ते माझ्या पर्समध्येच होतं, नवीन आधारकार्ड. पर्स मी उघडली नाही. चौकशी सुरू आहे, असं आजही सांगतात. तोवर वेल उपसून काठावर टाकले गेले. हिरवे शिंगाडे दोन दिवसांत कुजले, वास आमच्या घरापर्यंत येत होता. आता तिथे कुंपण आहे. होड्या अजून आल्या नाहीत. आत कोणी फिरायला जात नाही. कुलूप आहे.

याच दिवसांत पुण्याची कार्यक्रमपत्रिका आली. माझ्या सत्राचा विषय, रोजच्या जगण्यातला प्रतिकार. खाली लिहिलं होतं की लेखिका पुस्तकातला रेघेचा लेख वाचून दाखवतील. मी फोन केला. म्हटलं, मला येता येणार नाही, तो लेख आता वाचायची माझी लायकी नाही. तिकडचे गृहस्थ फार सौजन्याने म्हणाले, तुम्ही खूप नम्र आहात. मग मी सगळं सांगितलं, दाखला, बस, सही, बोडी, सगळं. ते म्हणाले, मग हेसुद्धा सांगा ना, हे तर जास्त भिडेल. मला त्यांचा राग आला नाही. ते चांगले आहेत, माझ्यासाठी शाकाहारी जेवणाचीही चौकशी केली. पण फोन ठेवल्यावर मला वाटलं, बोडी एकदा गेली ती गेलीच, आता मी ती व्यासपीठावर पुन्हा एकदा देणार. लोक हळहळतील, टाळ्या वाजवतील, मला शाल देतील. मावशीला काय मिळेल?

नवऱ्याला म्हटलं, नाही जात. तो बूट काढत होता. दिवसभर रुळावर चालून आलेला माणूस, त्याला माझ्या या गोष्टी किती कळतात ते मला कळत नाही, पण तो ऐकतो. घरात आम्ही आमचंच बोलतो. तो म्हणाला, "तुका जांवचा आसा, तर जा. हंय रवान काय करतलंस? तळ्याचा कुंपाण काढतलंस?" मग बूट उन्हात ठेवायला बाहेर गेला.

काल दुपारी मी मावशीकडे गेले. दीड महिन्यात पहिल्यांदा. ती आता दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान कापायला जाते. या वयात वाकून काम, कंबरेला फडकं घट्ट बांधलेलं. ओसरीवर बसली होती. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी बसले. सांगितलं की पुण्याला जायचं होतं, पण जात नाही.

"कायले नाही जाऊन राहिली?" ती म्हणाली. "त्या कागदापायी तर सारं झालं. आता तू बी नाही गेली, तं मंग गेलं ते कायच्यासाठी गेलं?"

तेवढ्यात शिपाई आला. काखेत रजिस्टर. मला पाहून थबकला, पण आत आला. मावशीचा निराधारांचा पगार चालू राहायचा तर हयात असल्याचा दाखला लागतो, तो त्याने सही-शिक्क्यानिशी आणला होता. तो त्याने वर धरला आणि रजिस्टर खाली ठेवलं. पान वर अर्धं कोरं.

मावशीने पेन मागितलं. मी पेन काढलं, पण तिला दिलं नाही. पान माझ्याकडे ओढलं. रेघ मारायला हात पुढे नेला तर तिने माझं मनगट धरलं. धान कापून खरखरीत झालेला हात, पण धरला हळूच.

"राहू दे बाई. तुह्या रेघीनं मी कागदावर मरून जाईन."

शिपाई दुसरीकडे पाहत होता. तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि एकेक अक्षर जोडत, मुलीने शिकवलेली ती सही पूर्ण केली. वर काय लिहिणार, तिने विचारलं नाही. मीही विचारलं नाही. शिपायाने दाखला दिला, तिने तो घडी करून कमरेला खोचला आणि पेन मला परत केलं. टोपण लावून.

उठताना ती म्हणाली, पोचली की फोन करजो. मी हो म्हटलं.

म्हणजे मी जाणार आहे. नागपूरला बोलेन, पुण्याला बोलेन, शाळेत बोलेन. लेख वाचेन, आणि लेखानंतर जे झालं तेही सांगेन, ठिपक्यासकट. माहेरच्या शाळेतल्या मुलांना काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. वहीचं अर्धं पान उरलं की रेघ मारा, हे त्यांना त्यांच्या बाईंनी सांगितलंच असेल. मारायची वेळ येते तेव्हा समोरच्याच्या तळव्याखाली तुमचा कागद असतो, हे मला सांगावं लागेल, आणि ते ऐकून त्यांनी काय करावं हे मला माहीत नाही.

पण भीती बोलण्याची नाही, नंतरची आहे. पुस्तक निघालं तेव्हा नागपूरला असंच झालं होतं. बोलणं संपल्यावर माणसं रांगेत येतात. हसून पुस्तक उघडतात, पहिलं पान काढतात. त्या पानावर काही छापलेलं नसतं. ते पान माझ्यापुढे धरतात, आणि सगळ्यांना खालच्या बाजूला सही हवी असते.